सोमाजीचं पोतं

एक्केचाळीस हजार लोकांनी मोहटोलीच्या सोमाजीला खुनी ठरवलं, तेव्हा तो तलावाच्या मातीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून टाचेतला काटा काढत होता. ठरवणाऱ्यांपैकी चौघांनीही मोहटोली पाहिली नव्हती आणि सोमाजीनं त्यांच्यातल्या एकालाही पाहिलं नव्हतं. इतक्या लांबून इतकी घट्ट ओळख मोबाइलातच होते.

मोहटोली सानगडीपासून सात किलोमीटर. गावाला एक मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्या बांध्यांना पाणी वाटून देणारा एक माणूस. त्या माणसाला तिकडे पाणकर म्हणतात. सोमाजी तीस वर्षं पाणकर होता. बासष्ट वय, काठीसारखं अंग, उन्हाळा-हिवाळा काखेत छत्री. जवळ घड्याळ नाही की मोजपट्टी नाही. कोणाच्या बांधीत पाणी कधीपर्यंत राहील हे तो छत्रीची सावली बघून सांगे आणि तो सांगे तेच होई. तलाव समितीचे अध्यक्ष भय्याजी गावात सगळ्यांवर ओरडत, पण आपल्या बांधीला पाणी मिळायची वेळ आली की तेही पाळीवर येऊन मुकाट्यानं बिडी ओढत बसत.

पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी तोंड असतं. त्याला तुडुम म्हणायचं. दिवाळीनंतर उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी देऊन झालं की तुडुम बुजवतात, म्हणजे उरलेला तलाव उन्हाळ्यापर्यंत पुरतो. रीत आजाच्याही आधीची आहे. धानाची तणीस, म्हणजे मळणीनंतरचा पेंढा, पोत्यात भरून न्यायची, काठावर चिखलात मळायची आणि छातीभर पाण्यात उतरून, बुडी मारून, भोकात पायानं ठासायची. सोमाजी फारसा बोलत नसे. लोक म्हणत, बुडी मारणाऱ्याला तोंड उघडायची सवय राहत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, होती. गावात पाळणे, बांगड्यांची दुकानं, चौकात दंडारीचा नाच. सोमाजीला गर्दीचा कंटाळा. सगळे मंडईत आहेत तर आपण तुडुम बुजवून घ्यावं, असा विचार करून तो पोतं खांद्यावर टाकून निघाला. त्याच दुपारी कैलाश आणि रुपाची सात वर्षांची मेघा बांगड्यांच्या दुकानापासून हरवली. रुपानं हातात हिरव्या बांगड्या चढवून घेतल्या, मागे वळून पाहिलं, तर फ्रॉकचं टोक धरून उभी असलेली पोरगी नव्हती.

सारं गाव शोधायला निघालं. दंडारीतली माणसं पायातले घुंगरू न सोडता धानात शिरली, त्यामुळे कापायला आलेल्या धानातून रात्रभर घुंगरं वाजत होती. ढिवरांनी दोन दिवस तलाव जाळ्यांनी चाळला. ते वर आले की सोमाजी उतरे, कारण तुडुमाच्या आतला कोपरा त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. आदल्या दिवशी बुजवलेली तणीस त्यानं स्वतःच्या हातानं उपसून काढली आणि आत चाचपून पाहिलं. पोलिसांचा कुत्रा डांबरी रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे बसला. मेघा सापडली नाही. मेली असंही सापडलं नाही. कैलाश पोरीचा फोटो घेऊन स्टेशनं पालथी घालायला लागला. तो महिन्यातून एकदा घरी येई, कपडे बदलून परत जाई.

चार महिन्यांनी सोमाजीच्या सुनेनं, दामिनीनं, त्याच्यापुढे मोबाइल धरला.

"मामाजी, तुमी यूट्यूबवर आले."

"मी कायले येऊ? मी तं पाळीवर होतो."

"पाळीवरचेच आले. पाहा."

मंडईत कोण्या पोरानं पाळण्याचा व्हिडिओ काढला होता. त्यात मागे, पार मागे, पाळीवरून एक बोटाएवढा माणूस चालला होता. चौदा सेकंद. खांद्यावर पोतं. त्या माणसाभोवती कोणीतरी लाल गोल काढला होता आणि मागून भुताच्या सिनेमासारखं संगीत वाजत होतं. धनंजय नावाचा एक तरुण, काळं जाकीट, 'तिसरा डोळा' हे त्याचं चॅनेल, कॅमेऱ्यात वाकून विचारत होता, "मित्रांनो, एक सात वर्षांची मुलगी गायब होते आणि त्याच वेळी हा माणूस तलावाकडे जातो. प्रश्न एकच. पोत्यात काय होतं?"

इथे केसांच्या तेलाची जाहिरात लागली. सोमाजीनं जाहिरात पूर्ण पाहिली.

"मंग?" तो म्हणाला. "काय निघालं पोत्यात?"

"मामाजी, पोतं तुमचं होतं."

"हां. तणीस होती."

त्याला सुटल्यासारखं झालं. प्रश्न सोपा होता आणि उत्तर त्याला येत होतं. त्यानं दामिनीला खाली लिहायला लावलं: पोत्यात तणीस होती, तुडुम बुजवायला नेली होती, सोमाजी, पाणकर. संध्याकाळपर्यंत त्याच्या त्या एका ओळीखाली तीनशे उत्तरं आली. दामिनी वाचून दाखवत होती आणि सोमाजी चहा थंड करत होता. खुनी स्वतः बोलला. ह्याला कोणी विचारलं होतं, मग हा का सांगतो? तणीस म्हणजे काय? तुडुम म्हणजे काय? हा कोड वर्ड आहे. पाणकर आडनाव खोटं आहे, मी चेक केलं. टीना नावाची एक बाई स्वतःला देहबोली तज्ज्ञ म्हणवून घेई. तिनं लिहिलं होतं की अपराधी माणूस हृदय झाकतो, म्हणून पोतं डाव्या खांद्यावर.

"उजव्या खांद्यावर फोड होता मा," सोमाजी म्हणाला.

"लिहू का?"

"नोको लिहू. फोडाचंही काही निघंल."

'मेघा कुठे आहे' नावाचा ग्रुप निघाला. त्यात रोज सकाळी कोणी ना कोणी मेघाचा पिवळ्या फ्रॉकमधला फोटो टाके आणि खाली दोनशे जण हात जोडत. हात जोडून झाले की कामाला लागत. मतदान झालं. सोमाजीला एकसष्ट टक्के पडले, कैलाशला बावीस, उरलेले नरबळी आणि इतर. गावच्या सरपंचालाही कधी एकसष्ट टक्के पडले नव्हते. पुण्याच्या एकानं तलावाचा नकाशा काढला, त्यात तलावाची पाळ उलट्या बाजूला होती, आणि त्या उलट्या पाळीवरून सोमाजी किती मिनिटांत किती पावलं चालला ह्यावर दोन माणसं आठवडाभर भांडली. कोणी कॉम्प्युटरवर मेघाची मोठेपणीची चित्रं काढली. पंधरा वर्षांची, वीस वर्षांची, नवरीच्या साडीतली. त्या साडीतल्या चित्राला सगळ्यांत जास्त बदाम मिळाले. मेघाच्या आठव्या वाढदिवसाला कोणीतरी केकचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, स्वर्गातल्या परीला. त्याच चित्राखाली दुसऱ्यानं विचारलं होतं की हा केक कुठल्या दुकानातला.

हे सगळं रुपा वाचत होती. तिला ग्रुपमध्ये कोणी घेतलं नव्हतं, ती स्वतः गेली होती. रोज रात्री भाकरी टाकून झाली की ती पायरीवर बसे आणि खालून वर, वरून खाली, बोट फिरवत राही.

पावसाळ्याच्या तोंडावर धनंजय स्वतः मोहटोलीत आला. उकाड्यात जाकीट घालून. आधी रुपाच्या घरी गेला. गल्लीच्या पलीकडे सोमाजी छत्रीला टाका घालत बसला होता, त्याला सगळं दिसत होतं. रुपा दार उघडून बाहेर आली, बोलली, बोलता बोलता रडली, पदरानं तोंड झाकून आत गेली. धनंजयनं दार वाजवलं.

"ताई, माइक बंद होता. परत एकदा दार उघडून बाहेर याल का? तसंच. आधी इकडे बघा, मग रडा."

रुपा परत दार उघडून बाहेर आली. आणि रडली. दुसऱ्या वेळचं रडू पहिल्यासारखंच होतं, हे पाहून सोमाजीच्या हातातली सुई बोटात गेली.

मग धनंजय त्याच्याकडे आला. "काका, एकच प्रश्न."

"मले माहीत आहे थो प्रश्न. चाला."

सोमाजीचा हिशोब असा, की डोळ्यांनी दाखवल्यावर माणूस मानतो. तो त्याला पाळीवर घेऊन गेला, तुडुम दाखवलं, खाली उतरून जुनी कुजलेली तणीस मूठभर काढली, त्याच्या नाकापाशी धरली. काळा चिखल जाकिटावर गळला. धनंजयनं सगळं कॅमेऱ्यात घेतलं, "थँक यू काका" म्हणाला आणि तलावाच्या काठावर उभं राहून स्वतःचे दोन फोटो काढले. तीन दिवसांनी व्हिडिओ आला. नाव होतं, 'खुनी मला स्वतः घटनास्थळी घेऊन गेला'.

बुडी मारून वर आलं की पाणकराच्या अंगाला जळवा चिकटलेल्या असतात. थोडा तंबाखू चोळला की सुटतात. सोमाजीनं तीस वर्षांत हजारो सोडवल्या होत्या. ही जळू कशानं सुटते ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला अन्न जाईना. ताटात वरण आलं की त्याला त्या माणसाची जाकिटावरचा चिखल पुसणारी बोटं आठवत, एक बोट पुसत होतं आणि एक बोट मोबाइलवर.

धानाची रोवणी सुरू झाली तसे भय्याजी घरी आले. खाटेवर बसले, पाणी प्यायले, पंख्याकडे पाहिलं.

"सोमाजी, यंदा सुखरामले वाटू दे गा पाणी."

"काहून?"

"आमचं काही नाही. पण तालुक्यातून लोक विचारून राहिले, तलाव कोणाच्या हातात आहे म्हणून. सुखराम वाटंल, तू त्याले सांगजो."

"तुमाले काय वाटते, भय्याजी?"

"मले काय वाटणार. मी तं तुले लहानपणापासून पाहून राहिलो," भय्याजी म्हणाले आणि त्याच्याकडे न पाहता उठले.

सुखरामकडे घड्याळ होतं, मोबाइलात गजर होता, वहीसुद्धा होती. पंधरा दिवसांत शेवटच्या बांध्यांना पाणी पोचेना आणि दोन भाऊ फावडी घेऊन एकमेकांवर धावले. सोमाजी घरात बसून ऐकत होता. गावातली सारी माणसं त्याला ओळखत होती, ग्रुपवर मात्र त्यातल्या एकानंही तणीस म्हणजे काय ते लिहिलं नाही. लिहिणारे होते, पण वेगळंच लिहीत. दामिनीनं एकदा पाहिलं, सुखरामच्या पोरानं लिहिलं होतं, 'म्हातारा पहिल्यापासून कमी बोलतो.' त्याला चारशे अंगठे मिळाले होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रुखमिणी तांदूळ निवडत होती. चाळीस वर्षांचा संसार. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"मी काय म्हणते."

"म्हण."

"त्या पोत्यात तणीसच होती ना?"

सोमाजी पाहत राहिला. पोतं तिनंच शिवलं होतं. त्या दिवशी पोत्याच्या तोंडाला बांधायची दोरी तिनंच दिली होती.

"होती," तो म्हणाला.

"मी भरते वेळी नव्हती म्हणून विचारलं."

त्या दिवसापासून तो ओसरीवर झोपू लागला. रुखमिणीनंही आत बोलावलं नाही, पण रोज संध्याकाळी त्याची गोधडी ओसरीवर घालून ठेवी आणि उशाशी पाण्याचा तांब्या.

मग एक गंमत झाली. दिवाळी झाली, थंडी पडली आणि ग्रुपला कंटाळा आला. दूरच्या कोण्या राज्यात जुळी पोरं हरवली, घर मोठं होतं, काकूवर संशय होता, सीसीटीव्ही होता. धनंजयनं जाहीर केलं की ही केस जास्त इंटरेस्टिंग आहे. टीना काकूचे खांदे बघायला गेली. पुण्याच्या माणसानं नवा नकाशा काढला. महिन्याभरात 'मेघा कुठे आहे' मध्ये कोणी सकाळचे हात जोडीना, आणि एक दिवस तिथे स्वस्त चपलांची जाहिरात आली ती तशीच राहिली.

गाव लगेच शहाणं झालं. गुढीपाडव्याच्या दिवशी समितीची सभा असते, वर्षाचा पाणकर तिथे ठरतो. भय्याजी उभे राहून म्हणाले, "आमाले तं पहिल्यापासूनच माहीत होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या, सुखरामनं सगळ्यांत जोरात. सोमाजीला नारळ आणि टोपी मिळाली. त्यानं टोपी घातली, नारळ घरी आणला आणि त्या रात्री खाट ओसरीवरून आत घेतली. रुखमिणीनं नारळ फोडला आणि पहिला तुकडा त्याला दिला. माफी मागायची ती तिची रीत असावी. त्यानं खाल्ला.

चार दिवसांनी दुपारी रुपा आली. ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. वाळून अर्धी झाली होती. हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या, मंडईतल्याच.

"मामाजी, एक काम आहे. नाही म्हणान तं मी उठून जाईन."

"तू उभीच आहे, पोरी. सांग."

"सत्तर दिवस झाले, मेघाचा फोटो कोणीच टाकला नाही."

"बरं झालं. हराम लोक होते थे."

"होते," रुपा म्हणाली. "मले काय काय विचारलं त्यायनं, तुमाले नाही सांगू शकत. एकानं विचारलं, पोरगी नवऱ्याचीच होती ना. मी सारं वाचलं. मले ओकारी येत होती अन् मी वाचत होती. पण मामाजी, थे बोलत होते तेव्हा मेघा हजारो लोकायच्या मोबाइलात होती. कुठं स्टेशनवर, कुठं ढाब्यावर कोणाच्या समोर असंल माही पोरगी, तं थो माणूस तिले ओळखंल, एवढंच. मी फोटो टाकून पाहिला. नऊ जणांनी पाहिला. त्यातली एक दामिनी आहे."

सोमाजी छत्रीच्या मुठीशी चाळा करत होता.

"त्यायले मेघा नाही पाहिजे," रुपा पुढे म्हणाली. आवाज सपाट होता, हे सगळं तिनं बऱ्याचदा मनात म्हणून पाहिलं असावं. "त्यायले तुमचं पोतं पाहिजे. तुमी परत एकदा पोतं घेऊन पाळीवरून चाला. मी दुरून काढते व्हिडिओ. नाव नाही लिहीत. थे लोक आपणच येतीन."

आतून रुखमिणी दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. दामिनी चुलीपाशी उभी राहिली, हातात उलथणं.

"चैतात?" सोमाजी म्हणाला. "चैतात कोण तुडुम बुजवते? तलाव अर्धा आटला. तुडुम उघडं पडलं, बकऱ्या बसतेत त्याच्यावर."

"त्यायले कुठं माहीत आहे?"

"गावाले माहीत आहे."

"हो," रुपा म्हणाली. "गावाले माहीत आहे."

गावाला मागच्या वर्षीही सगळं माहीत होतं. टोपी खुंटीला होती, चार दिवसांची, अजून कडक. सोमाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं त्या एक्केचाळीस हजारांचा विचार केला, त्या बोटांचा, बदामांचा, केकचा. आपण होऊन त्या चिखलात उतरायचं, आणि तेही त्यांनी परत यावं म्हणून. तो अंगणाच्या कडेला जाऊन थुंकला, तोंड धुतलं आणि परत आला.

"कोणत्या खांद्यावर?" त्यानं विचारलं.

रुपाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली.

"डाव्याच," दामिनी चुलीजवळून म्हणाली.

तणीस रुखमिणीनं भरली. कोठ्यातून स्वतः उपसून आणली, एकेक पेंडी मोकळी करून पोत्यात दाबली, दाबता दाबता दोनदा आत हात घालून तळापर्यंत फिरवला. सोमाजी बघत उभा होता.

"आता तरी पाहून घे," तो म्हणाला. "मंग विचारशीन."

रुखमिणीनं दोरी करकचून बांधली. "चुपचाप जा," ती म्हणाली. तिनं आणखी एक गाठ मारली.

चार वाजताचं ऊन होतं. पाळीखालच्या बांध्या कोरड्या, भेगाळलेल्या. तलावात मधोमध हिरवट पाणी आणि बाकी चिखल. सोमाजी पोतं घेऊन पाळीच्या टोकापासून निघाला. चालताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चालता येईना. तीस वर्षं ह्या वाटेनं चाललो, आज पाय कसे टाकायचे कळेना. बकऱ्या राखणारी बेबीबाई तुडुमाजवळ बसली होती. तिनं पोतं पाहिलं, कोरडा तलाव पाहिला, खूप दूर लिंबाखाली मोबाइल धरून उभी असलेली रुपा पाहिली.

"सोमाजी, डोकं फिरलं का तुमचं? कायची तणीस चैतात?"

"हळू बोल. अन् तोंड तिकडे कर."

बेबीबाईनं तोंड तिकडे केलं. बकऱ्यांना मात्र समजलं नाही, त्या तणसीच्या वासानं त्याच्या मागे लागल्या. खुनी माणसाच्या मागे सात बकऱ्या, अशी ती वरात तुडुमापर्यंत गेली. सोमाजीनं पोतं खाली ठेवलं. लिंबाखालून रुपा धावत आली, अर्ध्या वाटेत थांबली.

"मामाजी, बकऱ्या आल्या व्हिडिओत. अन् माहा हात हलला." तिला धाप लागली होती. "परत एकदा चालान का? तसंच. तिकडच्या टोकापासून."

सोमाजीला ते शब्द ओळखीचे वाटले. रुपालाही वाटले असतील, कारण म्हणून झाल्यावर तिनं ओठ मिटले आणि खाली पाहिलं. त्यानं काही दाखवलं नाही. बेबीबाईनं बकऱ्या हाकलून खाली नेल्या. त्यानं पोतं पुन्हा डाव्या खांद्यावर घेतलं आणि टोकाकडे परत गेला.

ह्या वेळी रुपाचा हात हलला नाही.

व्हिडिओ सोळा सेकंदांचा निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी टीना परत आली, संध्याकाळी पुण्याचा नकाशा आला, तिसऱ्या दिवशी धनंजयनं काळ्या जाकिटात सांगितलं की मित्रांनो, मी म्हणालो नव्हतो? चपलांची जाहिरात खाली गेली आणि तिच्या जागी पिवळ्या फ्रॉकमधली मेघा आली, हात जोडणाऱ्या दोनशे लोकांसकट. भय्याजी सकाळी येऊन खाटेवर बसले, पाणी प्यायले, पंख्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत सोमाजीनं खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. गावात कोणीच विचारलं नाही की चैतात पोतं कशाला. बेबीबाईनं दोन-चार जणांना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, तू त्याला सामील आहे काय?

आता तो घरीच असतो. सकाळी पाळीवर जाऊन पाणी किती उतरलं ते पाहायची सवय होती, ती जाता जात नाही. चहा झाला की तो सुनेकडे बघतो.

"दामिनी, आज किती?"

"तेवीस हजार लोकायनं पाहिलं, मामाजी."

"मले?"

"नाही. मेघाले."

"मंग ठीक आहे," सोमाजी म्हणतो आणि फोडाचा वण असलेल्या उजव्या खांद्याला तेल लावायला घेतो.